शब्द कानी पडला पाहिजे



आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आज कोणत्याही वस्तीत जा, फ्रीजच्या डोक्यावर नाहीतर टीव्हीच्या फळीवर एखादा ब्लूटूथ स्पीकर दिसतोच. २०१६ नंतर मोबाईलचा डेटा स्वस्त झाला आणि कॅसेट, सीडी, पेनड्राइव्ह ही मंडळी एकेक करून मागे पडली. आता गाणे इंटरनेटवरून मोबाईलमध्ये येते आणि मोबाईलमधून बिनतारी पद्धतीने स्पीकरमध्ये जाते. सकाळची वंदना असो, वामनदादांचे गीत असो की पोरांचे सिनेमाचे गाणे असो, एक बोट लावले की घरभर आवाज. सोय मोठी झाली यात शंका नाही.

पण ज्या घरी जावे तिथे एक तक्रार कानावर येते. "आवाज तर लय मोठा हाय, पण बोल समजत नाही." ही तक्रार बहुधा घरातली वडीलधारी माणसे करतात. त्यावर उत्तरे दोन ठरलेली. पहिले, "आजी, तुला आता ऐकू येत नाही." दुसरे, मुलगा हप्त्यावर आणखी मोठा स्पीकर आणतो. आवाज दुप्पट होतो, शब्द तेवढाच अस्पष्ट राहतो आणि महिन्याच्या खर्चात एक हप्ता वाढतो.

आम्ही पडलो हिशेबी माणसे. रोजकीर्दीत चूक झाली असेल तर ताळेबंद कितीही सुबक लिहा, तो जुळत नाही, हे आम्ही नोकरीत रोज पाहतो. आवाजाचेही तसेच आहे. गाणे जिथून निघते तिथपासून आपल्या कानापर्यंत चार पाने उलटावी लागतात. जे पहिल्या पानावर गेले, ते चौथ्या पानावर परत मिळत नाही. म्हणून नवा स्पीकर आणण्याआधी ही चार पाने तपासावीत, असे आमचे सांगणे आहे. त्यातली बरीचशी दुरुस्ती फुकटात होते.

कोणी म्हणेल, पोटापाण्याचे प्रश्न पडलेले असताना हे आवाजाचे चोचले कशाला? आम्हाला हे चोचले वाटत नाहीत. आपल्याकडे गाण्याचे काम करमणुकीपुरते कधीच नव्हते. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांच्या जलशांनी, ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत विचार नेला. वामनदादा कर्डकांना (१९२२-२००४) स्वतःला अक्षरओळख मोठेपणी झाली, आणि त्यांनी पुढे हजारो गीते लिहिली. या गाण्यात चाल ही गाडी आहे आणि शब्द हा माल आहे. गाडी धडधडत दारावरून गेली आणि माल उतरलाच नाही, तर काय उपयोग?

रेडिओच्या काळातले शहाणपण

घरात बिनतारी गाणे येणे ही काही नवी गोष्ट नाही. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ चे. पूर्वी रेडिओ बाळगायला पोस्टातून परवाना काढावा लागे. ठाण्याच्या कारखान्यातला मर्फी ज्याच्या घरी असेल, त्याच्या ओट्यावर संध्याकाळी निम्मी आळी जमत असे.

त्या मध्यम लहरींच्या रेडिओवर आवाजाची बारीक कंपने सेकंदाला सुमारे पाच हजारांपर्यंतच पोचत. तरुण माणसाचा कान वीस हजारांपर्यंत ऐकतो. म्हणजे आजच्या मोबाईलच्या मानाने तो रेडिओ आवाजाचा मोठा भाग गाळूनच देत असे. तरीही बातम्यांतला शब्द न् शब्द समजत होता. असे का? एक तर निवेदकाचा उच्चार आणि स्टुडिओतले ध्वनिमुद्रण स्वच्छ. दुसरे, लाकडी पेटी आणि मोठा कर्णा, तोही माणसांच्या समोर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला ठेवलेला. तिसरे, घरातल्या माणसाला यंत्राची खोड माहीत होती. ट्रान्झिस्टर आडवा फिरवला की खरखर कमी होते, हे शाळेत न गेलेल्या आजीलाही ठाऊक होते. त्याच्या आतली एरियलची कांडी एका दिशेने जास्त लहरी पकडते, हे शास्त्र तिला कोणी सांगितले नव्हते. तिने ते करून पाहिले होते.

आजच्या स्पीकरची खोड मात्र आपण करून पाहत नाही. दुकानातून आणला, चार्जिंगला लावला, जिथे प्लग तिथे ठेवला. आता ती पाने उलटूया.

पहिले पान : गाणे येते कुठून?

गाणे इंटरनेटवरून येताना दाबून, लहान करून पाठवले जाते. सीडीवर एका सेकंदाला १४११ किलोबिट एवढी माहिती असते. मोबाईलवर येणाऱ्या गाण्यात ती ३२० किलोबिट असू शकते, १२८ असू शकते, आणि डेटा वाचवण्याची सेटिंग चालू असेल तर त्याहून बरीच खाली जाते. दाबताना आधी काय जाते? बारीक, उंच आवाज. खंजिरीच्या झांजा पाण्यात बुडाल्यासारख्या 'सळसळ' वाजू लागल्या, टाळ्यांचा कडकडाट वाळू ओतल्यासारखा वाटला, 'स' आणि 'श' चरचरू लागले, तर समजावे की दोष स्पीकरचा नाही. माल निघतानाच कमी भरलेला आहे.

गाण्याच्या बहुतेक ॲपमध्ये 'ऑडिओ क्वालिटी' नावाची सेटिंग असते. ती एकदा उघडून बघा. डेटा जाईल ही भीती असेल तर हिशेब मांडू. १२८ किलोबिटचे गाणे तासभर वाजवले तर सुमारे ५८ एमबी जातात, ३२० चे वाजवले तर १४४. रोज दोन तास उत्तम दर्जाचे गाणे ऐकले तरी तीनशे एमबीच्या आतच खर्च. रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर हा पाचवा हिस्साही होत नाही. उलट व्हिडिओ लावून मोबाईल उपडा ठेवून गाणी ऐकणारे आम्ही पुष्कळ पाहतो. चित्र हे आवाजापेक्षा कितीतरी जास्त डेटा खाते, आणि ते पाहायला तर कोणी नाही. याच्यापेक्षा चांगल्या ॲपवर नुसता आवाज ऐकावा, किंवा वाय-फाय असेल तेव्हा गाणी मोबाईलमध्ये उतरवून ठेवावी.

दुसरी गोष्ट जुन्या गीतांची. एकच गाणे इंटरनेटवर पाच-सहा ठिकाणी सापडते. एखादे मूळ कंपनीने मूळ टेपवरून चढवलेले असते. बाकीची कॅसेटवरून कॅसेट, त्यावरून सीडी, त्यावरून मोबाईल अशी चार घरे फिरून आलेली असतात. प्रत्येक घरी थोडी खरखर वाढते, थोडा बारीकपणा जातो, कधी टेपचा वेगच बदलून प्रल्हाद शिंद्यांचा आवाज पोरवयाचा वाटू लागतो. तेव्हा पहिले सापडले ते लावू नका. तीन-चार ठिकाणचे तेच गाणे अर्धा अर्धा मिनिट ऐका आणि ज्यात शब्द स्वच्छ आहेत ते जपून ठेवा. या कामाला एक पैसा लागत नाही, आणि आमच्या अनुभवात सर्वांत जास्त फरक इथेच पडतो.

दुसरे पान : हवेतली वाट

मोबाईल ते स्पीकर ही वाट ब्लूटूथची. हे नाव दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या एका राजावरून पडले. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. पंचाईत अशी की हा पट्टा सर्वांना मोकळा आहे. घरचे वाय-फाय, शेजारचे वाय-फाय, मायक्रोवेव्ह भट्टी, सगळे तिथेच. एस.टी. स्टँडवर एकाच वेळी दहा जण बोलतात तसे. म्हणून ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा जागा बदलत बदलत बोलत राहते आणि गर्दीतून वाट काढते. बहुधा ते निभावते. गर्दी फार झाली किंवा अंतर वाढले की आवाज तुटतो, मध्येच गिळला जातो.

उपाय साधे आहेत. मोबाईल आणि स्पीकर एकाच खोलीत, शक्यतो एकमेकांच्या समोर असावेत. मोबाईल खिशात घालून पाठ करून बसू नये. माणसाच्या शरीरात पाणी असते आणि या लहरी पाण्यात मुरतात. लोखंडी कपाट, पत्र्याची भिंत, धान्याची कोठी यांच्या आड स्पीकर ठेवू नये, कारण धातूतून या लहरी जात नाहीत. राऊटर असेल तर तो स्पीकरला चिकटून नसावा, हातभर तरी दूर असावा. राऊटरवर ५ गिगाहर्ट्झचे वेगळे नाव दिसत असेल तर मोबाईल त्यावर जोडावा, म्हणजे २.४ चा रस्ता ब्लूटूथला मोकळा होतो. ५ गिगाहर्ट्झ मात्र जाड भिंतीपलीकडे लवकर थकते, हे लक्षात असू द्यावे.

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. गाणे चालू असताना अचानक आवाज टेलिफोनसारखा चपटा आणि कोंदट होतो. स्पीकर बिघडला म्हणून लोक दुकानात घेऊन जातात. खरे कारण असे की बहुतेक स्पीकरमध्ये फोनवर बोलण्यासाठी माईक असतो. एखादा कॉल आला किंवा एखाद्या ॲपने माईक चालू केला की ब्लूटूथ गाण्याची वाट सोडून बोलण्याच्या वाटेने जाते, आणि ती वाट अरुंद आहे. मोबाईलच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये त्या स्पीकरच्या नावापुढे गेलात तर 'फोन कॉल' आणि 'मीडिया ऑडिओ' अशी दोन बटणे दिसतात. पहिले बंद ठेवा, दुसरे चालू. तिथेच 'एचडी ऑडिओ' असे बटण असेल तर तेही चालू करा.

दुकानात मात्र या एचडी आणि इतर इंग्रजी अक्षरांच्या नावाखाली जास्त पैसे मागितले जातात. साधे ब्लूटूथसुद्धा सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिटपर्यंत आवाज नेऊ शकते. घरातल्या बसाउठीत, पंखा फिरत असताना, एवढ्या वाटेत आणि महागड्या वाटेत कानाला फारसा फरक कळत नाही. त्या अक्षरांसाठी हप्ता वाढवू नये.

वाय-फायचे स्पीकर थोडे निराळे असतात. ते गाणे थेट राऊटरकडून घेतात आणि मोबाईल फक्त हुकूम देतो. त्यामुळे कॉल आला तरी गाणे तुटत नाही. पण त्यांचा सगळा जीव राऊटरवर. राऊटर घराच्या मध्यावर, उंचावर, उघड्यावर ठेवावा. आपल्याकडे वीज जाते तेव्हा स्पीकरच्या बॅटरीचा उपयोग नाही, कारण राऊटरच झोपलेला असतो. राऊटरसाठी बारा व्होल्टचा छोटा बॅकअप मिळतो. पोरांच्या ऑनलाइन अभ्यासालाही तो कामी येतो.

आणखी एक. जिथे मोबाईलचा आणि स्पीकरचा आवाज वेगवेगळा कमीजास्त होतो, तिथे मोबाईल ऐंशी-नव्वद टक्क्यांवर ठेवावा आणि कमीजास्त स्पीकरवर करावे. स्पीकर शेवटच्या टोकापर्यंत कधीच चढवू नये. टोकाला गेला की तो गात नाही, ओरडतो. मोबाईलमध्ये 'बेस बूस्ट' आणि स्पीकरवरही 'बेस' अशी दुहेरी फोडणी तर देऊच नये.

तिसरे पान : खोली

आता सर्वांत दुर्लक्षित पान. स्पीकरमधून निघालेला आवाज सरळ कानात येतो तेवढाच नसतो. तो भिंतीवर, फरशीवर, छतावर आपटून पुन्हा पुन्हा येतो. आपल्या घरकुलातली खोली कशी असते? दहा बाय दहा, उंचीही दहा फुटांच्या आसपास. खाली फरशी, चहूकडे सिमेंटचा गिलावा, वर स्लॅब नाहीतर पत्रा. आवाजाच्या दृष्टीने याहून अवघड खोली नाही. कारण सांगतो. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये सेकंदाला सुमारे ५६ आणि ११२ कंपनांचे सूर अडकून घुमतात. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही सारख्या असतील तर तेच सूर तीन वेळा घुमतात. त्यातला ११२ चा सूर पुरुषाच्या भरदार आवाजाच्या आणि ढोलकीच्या धुमेच्या वाट्याला येतो. म्हणून शाहिराचा आवाज आपल्या खोलीत मडक्यात तोंड घालून गायल्यासारखा येतो. यात शाहिराचा दोष नाही आणि स्पीकरचाही नाही.

परीक्षा करायची असेल तर खोलीच्या मध्ये उभे राहून एक जोरदार टाळी वाजवा. टाळीमागे 'टर्रर' अशी शेपटी ऐकू आली तर तीच शेपटी गाण्यातल्या प्रत्येक शब्दाला लागते आहे असे समजा. पहिल्या शब्दाची शेपटी दुसऱ्या शब्दावर पडते आणि दोन्ही समजत नाहीत.

उपाय घरातच आहे. आपला जिल्हा कापसाचा, खामगाव ही कापसाची जुनी बाजारपेठ. कापूस आवाज पितो. स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर एक जाड गोधडी टांगा. ती भिंतीला चिकटवू नका, दोन-तीन इंच पुढे, काठीवर टांगा, म्हणजे जास्त आवाज पिते. पातळ पडदा फक्त बारीक आवाज पितो, घुमणारा नाही, म्हणून गोधडी जाडच हवी. घडी घातलेल्या गाद्या, कपड्यांनी भरलेली उघडी मांडणी, पुस्तकांचे कपाट, सगळ्यांचा उपयोग होतो. ज्या घरात पुस्तके जास्त त्या घरात आवाजही चांगला, असे आम्ही गमतीने म्हणतो, पण त्यात तथ्य आहे.

मग स्पीकरची जागा. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर दोन भिंती आणि खालची फळी यांच्या आधाराने जाड आवाज फुगवतो. दुकानदाराला ते आवडते, कारण गिऱ्हाईक खूश होते. शब्दाला ते मारक आहे. स्पीकर भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे, कोपऱ्यापासून दूर, आणि बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला असावा. बारीक आवाज बॅटरीच्या झोतासारखा सरळ जातो. स्पीकरचे तोंड छताकडे असेल तर शब्द छतालाच ऐकू येणार. फ्रीज, पत्र्याची पेटी, स्टीलची फळी यांच्यावर ठेवल्यास ती वस्तूही थरथरून आपला सूर मिसळते. खाली घडी केलेला टॉवेल किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे घाला.

चिखली तालुक्यातल्या एका घरी आम्ही कामानिमित्त गेलो होतो. स्पीकर चांगला होता, पण लोखंडी कपाटाच्या वर, कोपऱ्यात, तोंड वरती. घरातल्या मावशी दाराशी बसलेल्या. गाणे चालू होते आणि त्यांचे लक्ष नव्हते. आम्ही नातवाला म्हटले, "बाळा, हा खाली स्टुलावर घे, मावशींकडे तोंड कर, अन् बेस कमी कर." त्याने केले. आवाज आधीपेक्षा कमी झाला, म्हणून तो जरा नाराज दिसला. दोन कडवी झाली आणि मावशी म्हणाल्या, "भाऊ, आता बराबर समजून राह्यलं." पुढच्या कडव्याला त्या गाण्याबरोबर ओठ हलवत होत्या. गाणे त्यांना पाठ होते. फक्त कित्येक दिवसांत ते त्यांच्यापर्यंत पोचले नव्हते.

चौथे पान : कान

वय वाढते तशी कानाची बारीक, उंच आवाज ऐकण्याची ताकद आधी कमी होते. भाषेत स्वर जाड असतात, अ, आ, ओ. ते ऐकू येत राहतात. स, श, त, थ, क, फ ही व्यंजने बारीक. ती आधी निसटतात. म्हणून वडीलधाऱ्यांना कोणीतरी बोलते आहे हे कळते, काय बोलते आहे हे कळत नाही. त्यात जाड आवाजाचा स्वभाव असा की तो बारीक आवाजाला झाकून टाकतो. बेस वाढवला की उरलीसुरली व्यंजनेही बुडतात. मग आपण आजीला बहिरी ठरवतो. खरे म्हणजे तिच्या कानात थोडे कमी ऐकू येते आणि बाकीचे आपण झाकतो.

तेव्हा घरात वयस्क माणूस असेल तर बेस कमी करा, 'ट्रेबल' किंचित वाढवा. मोबाईलमध्ये इक्वलायझर असेल तर एक हजार ते चार हजारांच्या मधली पट्टी थोडी वर घ्या, शब्द तिथे राहतात. आणि स्पीकर त्यांच्याजवळ न्या. जवळ नेण्याचे मोल मोठे आहे. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की आवाज सहा डेसिबलने वाढतो. स्पीकरचे वॅट दुप्पट केले तर तीनच डेसिबल वाढतात. म्हणजे दुप्पट पैशाच्या स्पीकरपेक्षा दोन पावले पुढे आणलेला जुना स्पीकर बरा. एवढे करूनही बोल समजत नसतील तर चेष्टा न करता सरकारी दवाखान्यात कानाची तपासणी करून घ्यावी.

तरुणांनाही एक सांगणे. मोठ्या माणसासाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याहून मोठ्या आवाजाला ही मुदत झपाट्याने कमी होते. लहान मुलांचे कान तर अधिक नाजूक. आणि शेजारी आहेतच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शेजारच्या घरात परीक्षेचे पोर बसले असेल, तर आपल्या गाण्याचा शब्द त्याच्या वहीवर पडू नये एवढी काळजी आपणच घेतली पाहिजे.

विकत घ्यायचेच असेल तर

चारही पाने तपासून झाली आणि तरीही कमी पडते असे वाटले, तर जरूर घ्या. पण घरात जुना टेपरेकॉर्डर, होम थिएटर किंवा चांगले लाकडी बॉक्स पडून असतील तर ते आधी पुसून बघा. मागे 'ऑक्स'चे भोक असेल तर ब्लूटूथ रिसीव्हर नावाची काडेपेटीएवढी वस्तू काही शे रुपयांत मिळते. ती लावली की जुना डेक बिनतारी होतो, आणि त्याचा मोठा कर्णा आजच्या मुठीएवढ्या स्पीकरपेक्षा बहुधा बरा वाजतो. गुणगुण येत असेल तर चार्जर बदलून पाहा आणि घराच्या वायरिंगला अर्थिंग आहे का ते तपासून घ्या.

नवा घेताना खोक्यावरच्या 'पीएमपीओ' वॅटच्या आकड्याला भुलू नका. तो आकडा नुसता दिखाव्याचा असतो, 'आरएमएस' किती ते विचारा. दुकानात त्यांचे धडधडणारे गाणे ऐकू नका, आपल्या मोबाईलमधले, शब्द पाठ असलेले गाणे मध्यम आवाजात लावायला सांगा. पक्के बिल घ्या. हप्त्याने घेत असाल तर सगळे हप्ते आणि प्रक्रिया शुल्क यांची बेरीज कागदावर मांडा आणि रोख किमतीशी ताडून पाहा. जिथे तार चालते तिथे तार लावायला लाजू नये. तारेत ना गर्दी, ना अडथळा.

कपाटातल्या कॅसेट

शेवटी एक काम सांगतो, जे टाळण्यासारखे नाही. आपल्या घरोघरी पेटीत जुन्या कॅसेट आहेत. काही बाजारातल्या, त्या इंटरनेटवर मिळतील. पण काहींवर गावच्याच शाहिराचा कार्यक्रम आहे, कुणाच्या लग्नातली गाणी आहेत, आता हयात नसलेल्या आईचा आवाज आहे. त्याची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात तापून, पावसाळ्यात बुरशी धरून ती फीत दरवर्षी थोडी थोडी मरते आहे. स्पीकर कितीही भारी आणा, जी फीत गेली तिचा आवाज तो कुठून आणणार?

चालू टेपरेकॉर्डर शोधा. त्याचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या. मग हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरच्या 'लाइन इन'ला जोडा आणि रेकॉर्ड करा. कॉम्प्युटरला ते नसेल तर त्यासाठी यूएसबीची छोटी जोडणी मिळते. पहिली नक्कल 'वेव्ह' फाईलमध्ये, न दाबता ठेवा. मिनिटाला दहा एमबी, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटला सहाशे एमबी लागतात. 'फ्लॅक' केली तर आवाज न गमावता जागा जवळपास निम्मी होते. खरखर काढण्याची घाई करू नका, खरखरीबरोबर शब्दाची धारही जाते. मूळ नक्कल जशीच्या तशी दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. मोबाईलवर ऐकायला त्यावरून छोटी प्रत करा.

रेकॉर्ड करताना घरातल्या सर्वांत जुन्या माणसाला शेजारी बसवा. गाणारा कोण, गाव कोणते, साल कोणते, पेटीवर कोण, ढोलकीवर कोण, हे विचारून वहीत लिहून घ्या. कॅसेटवर जे लिहिलेले नाही ते त्यांच्याकडेच आहे. गाण्यातला जो शब्द तुम्हाला लागत नाही तोही त्यांनाच विचारा. आणि सुट्टीच्या दिवशी स्पीकर स्टुलावर घेऊन, त्यांच्याकडे तोंड करून, ते गाणे त्यांना ऐकवा. शब्द समजले की नाही, हेही त्यांनाच विचारा.

जयभीम.